तळघर आणि बॅटरी

चार महिन्यांत तिसऱ्यांदा माझ्या सुनेनं बेदाण्याच्या परातीला लाथ मारली, आणि तीही दलाल समोर बसलेला असताना.

शुक्रवारची दुपार होती. तासगावला आमची बेदाण्याची शेड आहे. बारा बायका दोन रांगांत समोरासमोर बसून माल निवडत होत्या. दलालाला दाखवायला म्हणून मी त्यांच्यातल्या शालनपुढची परात ओढून वाटेवर घेतली होती. एकसारखा हिरवा माल, काडी नाही, डाग नाही. तेवढ्यात वृषाली हापिसातनं वजनाची चिठ्ठी घेऊन आली. मान ताठ, नजर सरळ दलालाच्या तोंडावर. आली ती धाडकन परातीतच. अर्धी परात फरशीवर उपडी.

"अगं बया!" शालन ओरडली.

"सॉरी," वृषाली म्हणाली. तेही परातीकडं बघून नाही, दलालाकडं बघून. चिठ्ठी त्याच्या हातात दिली, वळली आणि जाताना दाराच्या चौकटीला खांदा आपटून गेली.

दलाल हसला. "सूनबाई घाईत दिसतात, आक्का."

"घाईत नाही, मस्तीत आहे," मी म्हणाले.

खायच्या वस्तूला पाय लागला तर वाकून हात लावावा, कपाळाला लावावा, एवढं दुधपित्या पोरालाही शिकवलेलं असतं. हिला बी.कॉम. करून ते आलं नाही. आणि हे एवढंच असतं तरी मी गिळलं असतं. लग्नानंतरच्या पहिल्या हळदीकुंकवाला माझ्या थोरल्या जावेनं बाजूनं करंडा पुढं केला, तर हिनं मान म्हणून वळवली नाही. जाऊबाई हात पुढं करून उभ्या, आणि ही दुसऱ्याच बाईशी गोड बोलतेय. दिवेलागणीला अंगणात तुळशीपुढं दिवा लाव म्हटलं की रोज हिचं डोकं दुखायचं. गल्लीत कुणी शेजारनं "काय वैनी" म्हणून गेलं तरी ही पुढं बघून चालायची. गावात बोलायला लागले होते, की आक्काच्या सुनेचं नाक लई वर आहे.

नाक वर असलेली एक बाई घरात पुरे असते, आणि ती मी होते.

दलाल गेल्यावर मी हिच्या बापाला फोन लावला. वाळव्याकडचे ते, बाळासो नाव. म्हटलं, "रविवारी या आणि तुमची लेक घेऊन जा. चांगले दोन-चार महिने ठेवा. माणसात कसं वागायचं ते शिकवा, मग बघू पुढचं."

 ते एवढंच म्हणाले, "येतो."

का, कशासाठी, काही विचारलं नाही. ते मला तेव्हाच खटकायला पाहिजे होतं.

रणजित, माझा मुलगा, संध्याकाळी सांगलीहून आला. त्याला सांगितलं तर म्हणाला, "मी काय बोलू आई? तू बघून आणलीस, तूच बघ."

खरंच मीच बघून आणली होती. मुली बघायला जाताना मी बरोबर दोन किलो न निवडलेला बेदाणा न्यायचे. चहा-पोहे झाले की म्हणायचे, एक परात आणा. मुलीपुढं माल ओतायचे आणि निवड म्हणायचे. लोक हसायचे. हसू देत. मी दुसरीत शाळा सोडली, दहाव्या वर्षापासनं दुसऱ्याच्या शेडमध्ये निवडायला बसले आणि डोळ्याच्या जोरावर स्वतःची शेड उभी केली. मुलीचं रूप, शिक्षण बापानं सजवून दाखवलेलं असतं. परात खोटं बोलत नाही, असं मी मानत होते. सात घरी गेले. एका मुलीनं काड्या तशाच ठेवल्या, एक परातीकडं बघून रडली. वृषालीनं ओसरीवर उन्हात बसून दोन किलो माल अर्ध्या तासात असा निवडला की मला त्यात बोट घालायला जागा नव्हती. मी तिथंच साखर मागवली.

शनिवारी दुपारी बायका जेवायला सुटल्या. मी कट्ट्यावर पाय सोडून बसले होते, तर शालन पदर तोंडाला लावून धावत आली.

"आक्का, हापिसात बाई रडतीया."

"कोण? वृषाली?"

"न्हाई वो. येगळीच हाय. घोगऱ्या आवाजात. मधीच दार करकरतंय आणि कुत्रं इवळतंय."

हापिसात कुत्रं कुठलं? मी उठले. दार लोटलेलं होतं. आत खिडकीचा पडदा ओढून वृषाली कॉम्प्युटरसमोर बसलेली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक ओसाड बंगला, कोळ्याची जाळी, आणि त्यातनं ते रडणं येतंय.

"हे काय चाललंय?"

ती दचकून उठली, खुर्ची कलंडली. "आत्या! काही नाही. जेवणाच्या सुट्टीत... गेम आहे."

"गेम म्हणजे पोरं मारामारी करतात ते?"

"नाही. यात शोधायचं असतं. खाली यादी येते, त्या वस्तू चित्रात लपवलेल्या असतात. त्या सापडल्या की पुढची खोली उघडते."

"आणि ही बाई का रडतेय?"

"ती मालकीण आहे घराची. भूत आहे."

मी बोलायला आले होते वेगळंच. उद्या तुझे वडील येणार आहेत, बॅग भर, असं सांगायला. पण चित्राकडं नजर गेली. एवढी मोठी खोली, आणि पसारा म्हणजे काय विचारू नका. घड्याळाच्या काट्याला चमचा, बाजाच्या पेटीत सुरी, आरशावर खेकडा.

"यादीत काय आहे?" मी विचारलं.

"कात्री, घुबड, कवटी, बाहुली, किल्ली... बारा आहेत."

"कात्री त्या मडमेच्या फोटोत. झग्याच्या घडीत उभी धरलीय बघ."

तिनं कॉम्प्युटरला नाक लावल्यासारखं केलं. "अय्या, हो!" तिनं तिथं टिचकी मारली. कात्री उडाली.

"किल्ली दिव्याच्या झुंबरात. बाहुली शेगडीत, बिचारी अर्धी जळलीय. आणि घुबड काय शोधतेस? उजव्या हाताला खिडकीत बसलंय, एवढं मोठं!"

"कुठं?"

"अगं तुझ्या उजवीकडं!"

तिनं मान वळवली, मग तोंड खाली नेलं, वर नेलं, तेव्हा कुठं तिला घुबड दिसलं. मला हसू आवरेना. मी स्टूल ओढून शेजारी बसलेच.

"कसली गबाळी बाई म्हणायची ही," मी म्हणाले. "पेटीत कुणी सुरी ठेवतं? मेली ती भुतानं नाही मेली. एवढा पसारा कोण आवरणार म्हणून जीव गेला असंल तिचा."

वृषाली हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा मी तिला माझ्यासमोर दात दाखवून हसताना बघितलं. हसताना तिचा डावा गाल आत जायचा, हेही मला माहीत नव्हतं.

दिवाणखाना झाला, स्वयंपाकघर झालं. बारातल्या नऊ मी काढायची, तीन ती. शिकलेल्या माणसाला हरवायचं सुख काय असतं ते शिकलेल्या माणसाला नाही कळायचं. मी म्हटलं, "परातीपुढं बसली होतीस तेव्हा डोळे बरे होते की तुझे. कॉम्प्युटरनं घालवलेस का काय?"

तिनं माऊस माझ्याकडं सरकवला. म्हणाली, "आता तळघर आहे. तुम्ही खेळा, आत्या. हा माऊस धरा."

तळघर उघडलं आणि सगळा पडदा काळा झाला. फक्त ताटलीएवढा एक उजेडाचा गोल. माझा हात हलला की गोल हलायचा.

"ती बॅटरी आहे," ती म्हणाली. "तेवढ्या उजेडात शोधायचं. सात वस्तू."

मी बॅटरी इकडं नेली, तिकडं नेली. गोलात एक बरणी दिसली, ती सोडून पुढं गेले तर बरणी कुठं होती तेच विसरले. मला सगळी परात एका नजरेत लागते. परात सगळी दिसली की त्यातली काडी आपोआप डोळ्याला टोचते. इथं सगळं म्हणून कधी दिसेचना. कोपऱ्यातनं एकदम ती मालकीण अंगावर आली तेव्हा मी माऊसच टाकून दिला. दहा मिनिटांत एक वस्तू. डोकं गरगरायला लागलं.

"घे बाई, हे माझं काम नाही."

तिनं माऊस घेतला. वरच्या डाव्या कोपऱ्यात बॅटरी नेली आणि झाडून काढावं तशी सरळ रेषेत उजवीकडं. मग थोडी खाली, परत डावीकडं. घाई नाही, चाचपडणं नाही. पाय ठेवायच्या आधी काठी टेकवावी तसं. मधेच परत वर जाऊन आधी बघितलेली दोरी अचूक उचलली. चित्राचा प्रत्येक तुकडा तिनं डोक्यात लावून ठेवला होता. बघता बघता सहाच्या सहा वस्तू निघाल्या.

"हे कुठं शिकलीस?" मी विचारलं. खरं सांगते, कौतुकानंच विचारलं.

"सवय आहे," ती म्हणाली.

आणि माऊसवरचा तिचा हात थांबला.

"कसली सवय? तळघरात राहत होतीस का बापाच्या?"

कॉम्प्युटरमधली बाई रडत होती. वृषालीनं तिचा आवाज बंद केला. बाहेर बायकांचे डबे वाजत होते.

"मला असंच दिसतं, आत्या," ती म्हणाली. "एवढंच. समोरचं. बाजूचं नाही, खालचं नाही. अंधार पडला की काहीच नाही."



"कधीपासनं?"

"आठवीपासून. डोळ्यांच्या आतल्या पडद्याचा आजार आहे. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, औषध नाही. हळूहळू कमी होतं. कुणाचं वीस वर्षं आहे तेवढंच राहतं, कुणाचं नाही राहत."

"बापाला माहीत आहे?"

"हो."

"आणि रणजितला?"

तिनं मान हलवली. नाही.

"आणि माझ्या परातीपुढं बसलीस."

"परात समोर होती. उन्हात होती." ती म्हणाली. "मला वाटलं, या घरात समोरचं नीट बघितलं की पुरतं. म्हणून मी हो म्हटलं. बाबांपेक्षा मलाच हो म्हणायचं होतं."

माझं अंग तापलं. सात घरं पालथी घातली, गावभर मिरवलं की आक्काची परात चुकत नाही, आणि परात मीच हिला दिसेल अशी हिच्या पुढ्यात सरकवली होती.

"मग हे भुताचं कशाला खेळत बसतेस? भीती नाही वाटत?"

"यात भूत समोरनं येतं, आत्या. घरात माणसं बाजूनं येतात." ती म्हणाली. "आणि इथं चुकलं तर कुणाला पाय लागत नाही."

मी उठले. दारात थांबून म्हटलं, "उद्या तुझा बाप येणार आहे. मी बोलावलाय. आज नवऱ्याला सांग. मी सांगायच्या आत तू सांग."

 तिनं कॉम्प्युटर बंद केला.

साडेपाचला बायका गेल्या. शालन झाडायला मागं राहिली. मी वजनाच्या कोऱ्या चिठ्ठ्या घेतल्या, त्यांच्या दोन पुंगळ्या केल्या, दोन डोळ्यांना लावल्या आणि शेडच्या एका टोकापासनं चालायला लागले. पलीकडचं दार लख्ख दिसत होतं, त्याची कडी न् कडी. पायाखाली काही नाही. तिसऱ्या पावलाला क्रेटचा कोपरा नडगीत घुसला. पुढं पाण्याची बादली कलंडली, लुगडं भिजलं. तेवढ्यात कानाशी कुणीतरी "आक्का!" म्हणून ओरडलं आणि माझा जीव उडाला.

शालन होती. हातभर अंतरावर. ती तिथं उभी आहे हे मला माहीतच नव्हतं.

"आक्का, काय वो झालं? बरं न्हाई का?"

"गप्प बस. मला सांग, वृषाली दिवसातनं किती वेळा धडकती गं?"

शालननं खराटा भिंतीला टेकवला. जरा चाचरली. "तुमच्या म्होरं कमी. तुम्ही असला की ती भिंत धरून चालती. तुम्ही न्हाई तवा बी धडकती, पण तवा हसती."

नडगीला हळद लावली आणि घरात गेले. त्या रात्री मुलाच्या खोलीतनं बोलण्याचा आवाज येत होता. काय बोलले ते मी ऐकलं नाही. ऐकायचं नव्हतं मला.

रविवारी अकराला बाळासो आले. काकवीची किटली घेऊन आले होते, ती दारातच धरून उभे. खुर्चीवर बसले ते कडेला, कुणी उठ म्हणेल तर लगेच उठता यावं असे.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हणाले.

त्यांनी हात जोडले. "चुकलं, आक्का. पोरीचं लग्न व्हायचं होतं. दोन ठिकाणी खरं सांगितलं, दोन्हीकडनं परत गेले. तिसऱ्याला गप्प बसलो." मग मान वर करून म्हणाले, "मी सांगितलं असतं तर केली असती का तुम्ही?"

खोटं बोलायचं माझ्या जिवावर येतं. "नसती केली," मी म्हणाले.

"मग?"



रणजित आतनं आला. डोळे सुजलेले. सासऱ्याच्या पायाला हात लावला आणि माझ्यासमोर उभा राहिला. "आई, तिनं सांगितलं मला. राग आलाय. फसवलं म्हणून आलाय, डोळ्यासाठी नाही. उद्या मी तिला मिरजेला दाखवून आणतो. तू हिला घालवायचं म्हणत असशील तर..."

"तर काय? तू पण जाणार वाळव्याला?"

"जाईन," तो म्हणाला. लग्न ठरवताना ज्याला मुलीचा रंग विचारला तर 'तू म्हणशील तो' म्हणाला होता, तो माझा मुलगा.

तेवढ्यात वृषाली बाहेर आली. भिंतीला हात लावत. माझ्यासमोर आता लपवायचं काही उरलं नव्हतं, तरी तिचा हात भिंतीवरच होता. दुसऱ्या हातात बॅग.

"चला बाबा," ती म्हणाली. "तुम्ही भांडू नका," हे रणजितला. मग माझ्याकडं वळली, माझं तोंड सापडेपर्यंत जरा शोधलं आणि म्हणाली, "आत्या, तुम्ही बोलावलं ते बरोबर केलंत. मला इथं राहायचं होतं म्हणून मी लपवलं. आता सगळ्यांना कळल्यावर मी नाही राहायची. उद्या अजून कमी दिसेल. मग प्रत्येक जण माझ्या वाटेतनं वस्तू उचलत बसणार, आणि मी सॉरी सॉरी म्हणत फिरणार. मला ते नको. मला दया नको."

बाळासो उठले. रणजित तिच्या हातातली बॅग घ्यायला गेला तर तिनं ती मागं ओढली. तिघंही माझ्याकडं बघायला लागले. माझ्या घरात शेवटचं मीच बोलते, हे तिलाही माहीत होतं. तिनं बॅग खाली ठेवली नव्हती, पण पाऊलही उचललं नव्हतं.

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. त्या दिवशी मी काय बोलले ते मला शब्दाशब्दानं आठवतं.

मी उठून तिच्यासमोर गेले. बरोबर समोर, तिला दिसेन अशी. आणि म्हणाले:

"दया? माझ्याकडं? गावात विचार जाऊन, कुणाला मिळालीय का ते. हे बघ वृषाली, तू खोटं बोललीस. ते मी विसरणार नाही. सणासुदीला काढून दाखवीन, सासू आहे मी. पण चार महिने तू माझ्या घरात भिंत धरून चाललीस, आणि मला ते दिसलं नाही. ते मला कुणी काढून दाखवायचं नाही, माझं मला पुरेल. बाळासो जेवून जातील, एकटे जातील. तू कुठं जायचं नाहीस. आणि आजपासनं या घरात एक शिस्त. पाय लागला, कुणी धडकलं, कुणी दिसलं नाही, तर लाजून मान ताठ करायची नाही. मोठ्यानं सांगायचं, मला दिसलं नाही, बाजूला व्हा. माझ्या जावेला सांगायचं, दलालाला सांगायचं, मला सांगायचं. ज्या दिवशी लाजून गप्प बसशील ना, त्या दिवशी मी स्वतः तुला एस्टीत बसवून देईन. आता ती बॅग आत ठेव आणि ताटं घे. चार जणांची भूक खोळंबलीय."